कारखान्याच्या जाळ्यातील दारे

चाकण परिसरात मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान-मोठे उद्योग आहेत. त्यांपैकी एखाद्या उद्योगातील दुसऱ्या पाळीची वेळ डोळ्यांसमोर आणावी. माल तयार आहे, ट्रक भरून फाटकाशी उभा आहे, पलीकडच्या कारखान्याने दिलेली वेळ जवळ येत चालली आहे. आणि नेमक्या त्याच वेळी कार्यालयातील एकाही संगणकावर बीजक तयार होत नाही. बारकोडची लेबले छापणारा प्रिंटर मुका झाला आहे. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला दूरध्वनी केला, तर 'आमच्या बाजूने सर्व सुरळीत आहे' असे उत्तर येते. देखभालीचे कंत्राट असलेला तंत्रज्ञ भोसरीहून निघतो आणि चाकणच्या तळेगाव चौकातील वाहतुकीत अडकतो. तो पोहोचल्यावर कळते ते एवढेच, की भंडार विभागात टेबल हलविताना कोणीतरी लोंबकळणाऱ्या केबलचे टोक 'बहुधा येथलेच असावे' असे समजून जवळच्या मोकळ्या खाचेत बसविले होते. त्या केबलचे दुसरे टोकही त्याच डब्याला जोडलेले होते.

हा प्रसंग काल्पनिक असला, तरी संगणकांच्या जाळ्याची देखभाल करणाऱ्या कोणालाही तो अनोळखी वाटणार नाही. पूर्वी अशा वेळी कार्बन पेपर घालून हाताने चलन लिहिता येत असे. आता ठरावीक किमतीवरील मालाच्या वाहतुकीला २०१८ पासून ई-वे बिल लागते, आणि वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांहून अधिक असलेल्या उद्योगांना दुसऱ्या व्यावसायिकास माल विकताना ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस सक्तीचे आहे. जाळे बंद पडले की ट्रक फाटकाबाहेर पडत नाही. म्हणूनच, ज्या डब्याकडे एरवी कोणाचे लक्षही जात नाही, त्या 'स्विच'चा आणि त्याच्या 'पोर्ट'चा कारभार समजून घेणे हा आता केवळ संगणक अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही.

पोर्ट म्हणजे नेमके काय?

'पोर्ट' या शब्दाचे अर्थ अनेक. जहाजे लागतात ते बंदरही पोर्टच, आणि संगणकातील प्रत्येक सेवेला दिलेल्या क्रमांकालाही पोर्टच म्हणतात. येथे अभिप्रेत आहे ती स्विचवरील प्रत्यक्ष खाच, जिच्यात केबलचे टोक 'टक्' असा आवाज करीत बसते. अशा आठ, चोवीस किंवा अठ्ठेचाळीस खाचा एका डब्यावर असतात आणि प्रत्येक खाच म्हणजे कारखान्याच्या जाळ्यात शिरण्याचे एक दार असते.

स्विचचे काम टपाल कार्यालयातील वर्गीकरणासारखे आहे. जाळ्याला जोडता येणाऱ्या प्रत्येक उपकरणाला बारा चिन्हांचा एक ओळखक्रमांक असतो. त्याला मॅक पत्ता म्हणतात. कोणत्या दारामागे कोणता पत्ता राहतो, हे स्विच येणाऱ्या माहितीवरून शिकतो आणि पुढील पाकीट नेमके त्याच दाराशी पोहोचवितो. त्याआधी वापरात असलेला 'हब' एका दाराने आलेली माहिती सर्व दारांतून बाहेर ओतत असे. १९९० च्या सुमारास अनेक दारांचा पहिला इथरनेट स्विच बाजारात आणणाऱ्या अमेरिकेतील कंपनीचे नाव 'कल्पना' होते, हे वाचून मराठी वाचकांना गंमत वाटेल. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे. त्यांच्या पत्नीच्या नावावरून कंपनीचे नामकरण झाले होते. १९९४ मध्ये सिस्को कंपनीने ती विकत घेतली.

स्विचचे दोन प्रकार पडतात. दुकानात हजार-दीड हजार रुपयांत मिळणारा साधा स्विच आज्ञा ऐकत नाही. केबल लावली की चालू, काढली की बंद. दुसरा व्यवस्थापनक्षम, म्हणजे 'मॅनेज्ड' स्विच. त्याच्या आत एक लहानसा संगणकच असतो. तो प्रत्येक दाराची नोंद ठेवतो आणि सांगितलेले ऐकतो. आपल्याकडील अनेक उद्योगांत हा दुसऱ्या प्रकारचा महाग स्विच विकत घेतला जातो खरा. परंतु त्याला एकही आज्ञा न देता तो पहिल्या प्रकारच्या स्विचसारखा वापरला जातो. सर्व दारे उघडी, एकावरही नाव नाही आणि कुलूपही नाही!

चित्रे सोडून अक्षरांकडे

या स्विचशी बोलण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारे पान, ज्यावर माउसने खुणा करायच्या. दुसरा मार्ग कमांड लाइनचा. म्हणजे काळ्या पडद्यावर अक्षरांत आज्ञा लिहायची आणि अक्षरांतच उत्तर वाचायचे. दुसरा मार्ग जुनाट वाटतो, पण त्याचे तीन मोठे फायदे आहेत. लिहिलेली आज्ञा जपून ठेवता येते, तपासता येते आणि दुसऱ्या वीस स्विचना जशीच्या तशी देता येते. ती जाळे मंदावलेले असतानाही चालते, कारण अक्षरांना फारशी जागा लागत नाही. आणि जाळे पूर्ण कोलमडले, तरी स्विचच्या 'कन्सोल' खाचेला लॅपटॉपची केबल थेट जोडून हाच संवाद साधता येतो.

पुढील आज्ञा सिस्कोच्या स्विचमध्ये वापरल्या जाणाऱ्या भाषेतील आहेत. इतर अनेक कंपन्यांची भाषा तिच्याशी मिळतीजुळती आहे, मात्र काही शब्द बदलतात. आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीतच टाइप कराव्या लागतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी त्या देवनागरीत दिल्या आहेत.

आधी पाहावे, मग बोलावे

स्विचमध्ये प्रवेश केल्यावर सुरुवातीला मर्यादित अधिकार असतात. 'एनेबल' ही आज्ञा आणि परवलीचा शब्द दिल्यावर पूर्ण अधिकार मिळतात. तरीही पहिले काम बदल करण्याचे नसून पाहण्याचे आहे. 'शो' या शब्दाने सुरू होणाऱ्या आज्ञा फक्त पाहण्यासाठी असतात. त्यांनी मांडणीत काहीही बदलत नाही. नवशिक्याने निर्धास्तपणे वापराव्यात अशा याच.

'शो इंटरफेसेस स्टेटस' असे लिहिले की सर्व दारांची यादी समोर येते. प्रत्येक ओळीत दाराचा क्रमांक, त्याला दिलेले नाव, स्थिती आणि वेग असतो. स्थितीच्या रकान्यातील शब्द महत्त्वाचे. 'कनेक्टेड' म्हणजे पलीकडे चालू उपकरण आहे. 'नॉट कनेक्ट' म्हणजे दार उघडे आहे, पण पलीकडे कोणी नाही. 'डिसेबल्ड' म्हणजे ते आपण स्वतः बंद केले आहे. आणि 'एरर डिसेबल्ड' म्हणजे काहीतरी गैर आढळल्यामुळे स्विचनेच ते बंद केले आहे.

'शो मॅक ॲड्रेस-टेबल' ही दुसरी आज्ञा कोणत्या दारामागे कोणते उपकरण आहे ते सांगते. एखाद्याच दारामागे अचानक दहा-बारा पत्ते दिसू लागले, तर कोणीतरी तेथे न विचारता आणखी एक साधा स्विच जोडला आहे, असे समजण्यास हरकत नाही. तिसरी आज्ञा 'शो इंटरफेसेस' आणि पुढे दाराचा क्रमांक. तिच्या लांबलचक उत्तरात 'सीआरसी' या नावापुढे एक आकडा असतो. तो वाटेत खराब झालेल्या पाकिटांचा. थोड्या वेळाने पुन्हा पाहिल्यावर हा आकडा वाढलेला दिसला, तर दोष बहुधा केबलमध्ये, तिच्या टोकात किंवा आसपासच्या विजेच्या गोंगाटात असतो. वेल्डिंगची यंत्रे, मोठ्या मोटारी आणि केबलवरून जाणारी फोर्कलिफ्टची चाके यांनी भरलेल्या शेडमध्ये हा आकडा फार काही सांगून जातो. तांब्याच्या केबलला शंभर मीटरची मर्यादा असते, हेही लांबलचक शेडमध्ये विसरून चालत नाही.

नाव आणि कडी

पाहून झाल्यावर दुसरे काम नाव देण्याचे. 'कॉन्फिगर टर्मिनल' या आज्ञेने बदल करण्याच्या खोलीत शिरायचे, 'इंटरफेस' आणि क्रमांक लिहून एका दारासमोर उभे राहायचे, आणि 'डिस्क्रिप्शन' या शब्दापुढे त्या दाराचे नाव लिहायचे: 'भंडार लेबल प्रिंटर', 'सीएनसी यंत्र सात', 'फाटक कॅमेरा'. यासाठी एक पैसाही लागत नाही. तरीही रात्री अकरा वाजता दूरध्वनीवर 'कोणती केबल काढू, साहेब?' असे विचारणाऱ्या पहारेकऱ्याला उत्तर देता येते ते याच नावांच्या जोरावर.

दार बंद करण्याची आज्ञा 'शटडाउन' आणि उघडण्याची 'नो शटडाउन'. येथे 'शटडाउन' म्हणजे स्विच बंद करणे नव्हे, हे ध्यानात घ्यावे. बंद होते ते फक्त समोरचे एक दार. या भाषेचे व्याकरण सोपे आहे: आज्ञेच्या आधी 'नो' लावले की ती आज्ञा मागे घेतली जाते. वापरात नसलेली सर्व दारे 'इंटरफेस रेंज' या आज्ञेने एकत्र निवडून एकाच वेळी बंद करता येतात. सुरुवातीच्या प्रसंगातील मोकळी खाच अशी बंद असती, तर केबल बसवूनही काहीच घडले नसते.

ज्या दारातून केबलवाटे वीजही जाते, त्याचा आणखी एक उपयोग होतो. शेडच्या छताशी लावलेला कॅमेरा गोठला, तर शिडी आणून वर चढण्याची गरज नसते. 'पॉवर इनलाइन नेव्हर' लिहून त्या दाराची वीज तोडावी, क्षणभर थांबून 'पॉवर इनलाइन ऑटो' लिहावे. कॅमेरा पुन्हा सुरू होतो.

एका छताखाली वेगळ्या खोल्या

सर्व दारे एकाच मोठ्या दालनात उघडत असतील, तर एका दारातून आलेला रोग सर्वत्र पसरतो. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' या विध्वंसक प्रणालीने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा मर्स्क या जहाज कंपनीला जबर तडाखा बसला आणि आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्या कंपनीला पुढील दहा दिवसांत सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणकांवर नव्याने प्रणाली बसवावी लागली. खुद्द पिंपरी-चिंचवडमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस स्मार्ट सिटी प्रकल्पाच्या सर्व्हरवर खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला आणि प्रकरण पोलिसांत गेले. असे हल्ले केवळ स्विचच्या आज्ञांनी टळतात असे कोणी म्हणणार नाही; परंतु आत शिरलेला रोग किती खोल्यांत पसरेल, हे जाळ्याच्या वाटणीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

ही वाटणी करण्याचे साधन म्हणजे 'व्हीलॅन'. एकाच डब्यातील दारे आज्ञेने वेगवेगळ्या काल्पनिक खोल्यांत वाटली जातात. 'स्विचपोर्ट मोड ॲक्सेस' आणि त्यापुढे 'स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन २०' असे लिहिले, की ते दार वीस क्रमांकाच्या खोलीत गेले. लेखा विभाग दहामध्ये, यंत्रे वीसमध्ये, कॅमेरे तीसमध्ये, पाहुण्यांचे वायफाय चाळीसमध्ये, अशी वाटणी करता येते. कारखान्यातील यंत्रांसाठी तिचे मोल अधिक आहे. यंत्र पंधरा-वीस वर्षे उत्तम चालते, पण त्याला जोडलेल्या संगणकाच्या प्रणालीला निर्मात्याकडून सुधारणा मिळणे कधीच थांबलेले असते. यंत्र बदलणे परवडत नाही; त्याची खोली वेगळी करणे परवडते. मात्र दोन खोल्यांमधील दरवाजावर राउटर किंवा फायरवॉलचे नियम नसतील, तर भिंत केवळ नावापुरती राहते.

घिरट्या घालणारी पाकिटे

आता सुरुवातीच्या प्रसंगाकडे वळू. एका केबलची दोन्ही टोके एकाच स्विचला जोडल्याने सारे जाळे का कोसळावे? काही पाकिटे एका पत्त्यासाठी नसून सर्वांसाठी असतात. स्विच अशा पाकिटाच्या प्रती सर्व दारांतून बाहेर पाठवितो. वेढा तयार झाला, की बाहेर गेलेली प्रत दुसऱ्या दाराने परत येते आणि पुन्हा सर्वत्र पाठविली जाते. या पाकिटांना आयुष्याची मर्यादा नसते. ती फिरतच राहतात, वाढतच जातात आणि काही क्षणांत खऱ्या कामासाठी वाटच उरत नाही.

यावरचा उपाय राडिया पर्लमन या अमेरिकी संगणकतज्ज्ञ स्त्रीने १९८५ मध्ये शोधला. 'स्पॅनिंग ट्री' नावाच्या या पद्धतीत स्विच एकमेकांना लहान संदेश पाठवून वेढा ओळखतात आणि एक दार अडवून तो तोडतात. पण या पद्धतीलाही मर्यादा आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टन शहरातील बेथ इस्राएल डीकनेस या मोठ्या रुग्णालयाचे जाळे या पद्धतीच्या मर्यादेपलीकडे वाढलेले होते. ते कोसळले आणि डॉक्टर-परिचारिकांना काही दिवस कागदावर काम करावे लागले.

आपल्या उद्योगांत अडचण वेगळी असते. टेबलाखाली ठेवलेल्या साध्या स्विचला ही पद्धत ठाऊकच नसते. म्हणून मुख्य स्विचवरील ज्या दारांना संगणक किंवा प्रिंटर जोडायचे आहेत, त्यांवर दोन आज्ञा द्याव्यात: 'स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट' आणि 'स्पॅनिंग-ट्री बीपीडीयूगार्ड एनेबल'. पहिलीमुळे उपकरण जोडल्यावर होणारा सुमारे अर्ध्या मिनिटाचा खोळंबा टळतो. दुसरीचा अर्थ असा, की या दारातून स्विचचा संदेश आत आला, तर ते दार ताबडतोब बंद करावे. टेबलाखालच्या स्विचमध्ये वेढा झाला, की मुख्य स्विचचा स्वतःचाच संदेश फिरून परत येतो, आणि मग बंद होते ते केवळ तेवढेच दार. बाकीचा कारखाना चालू राहतो. काही स्वस्त स्विच हा संदेश मध्येच गिळतात; त्यासाठी 'स्टॉर्म-कंट्रोल' या आज्ञेने सर्वांसाठीच्या पाकिटांवर मर्यादा घालणे हा दुसरा बंदोबस्त.

याच जातीची आणखी एक आज्ञा 'स्विचपोर्ट पोर्ट-सिक्युरिटी'. एका दारामागे किती उपकरणे चालतील आणि कोणती, हे तिने ठरविता येते. अनोळखी लॅपटॉप जोडला गेला, तर दार बंद होते. मॅक पत्त्याची नक्कल करता येते, त्यामुळे हे कुलूप अभेद्य नाही. तरीही पाहुण्यांच्या खोलीतील उघड्या खाचेपेक्षा ते केव्हाही बरे.

बसलेली फांदी तोडू नये

या साऱ्या सामर्थ्याचा धोकाही आहे. भोसरीत बसून चाकणचा स्विच हाताळताना ज्या दारातून आपण आत आलो, त्यालाच 'शटडाउन' दिले, तर बसलेली फांदी आपणच तोडल्यासारखे होते. मग तळेगाव चौकाची वाट धरण्यावाचून उपाय उरत नाही. म्हणून अनुभवी अभियंते जोखमीच्या बदलाआधी चालू मांडणी जतन करतात आणि 'रीलोड इन १०' अशी आज्ञा देऊन ठेवतात. संपर्क तुटला, तर दहा मिनिटांनी स्विच आपोआप नव्याने सुरू होतो आणि जुनी मांडणी परत येते. बदल यशस्वी झाला, तर 'रीलोड कॅन्सल' लिहून ही आज्ञा मागे घ्यावी. ते विसरले, तर भर कामाच्या वेळी स्विच बंद-चालू होईल.

असे घडते ते स्विचच्या दोन स्मृतींमुळे. दिलेली आज्ञा लगेच लागू होते, पण ती तात्पुरत्या स्मृतीत असते. 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग' असे लिहीपर्यंत ती कायम होत नाही. हे विसरल्यावर महिनोन्महिने काहीच जाणवत नाही. पावसाळ्यात एके रात्री वीज जाते, आणि सकाळी सारी नावे व कुलुपे नाहीशी झालेली असतात.

आणखी दोन पथ्ये. दूरून प्रवेश करताना 'टेलनेट' वापरू नये, कारण त्यात परवलीचा शब्द उघड्या अक्षरांत जातो, 'एसएसएच' वापरावे. आणि बदलासाठी वेळ निवडावी. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील बहुतेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. यंत्रे थांबलेली असतात, तेव्हाच दारांची झाडाझडती घेणे श्रेयस्कर.

लहान दुव्याचे मोल

१ मार्च २०२२ रोजी टोयोटा कंपनीने जपानमधील आपले सर्व चौदा कारखाने एक दिवस बंद ठेवले. हल्ला टोयोटावर झालेला नव्हता. तिला प्लास्टिकचे सुटे भाग पुरविणाऱ्या कोजिमा या पुरवठादाराच्या संगणकांवर झाला होता. पुरवठादाराकडील बिघाड मुख्य कारखान्यापर्यंत किती वेगाने पोहोचतो, हे त्या दिवशी साऱ्या वाहन उद्योगाने पाहिले. ठरल्या वेळी नेमका लागेल तेवढाच माल, या तत्त्वावर चाकणमधील पुरवठ्याची साखळीही मोठ्या प्रमाणात चालते.

अशा पुरवठादाराला संगणक सुरक्षेसाठी स्वतंत्र विभाग ठेवणे परवडत नाही, हे खरे. पण चोवीस दारांच्या एका स्विचला नावे देणे, मोकळी दारे बंद करणे, यंत्रांची खोली वेगळी करणे, वेढ्याविरुद्धच्या दोन आज्ञा देणे आणि शेवटी मांडणी जतन करणे, हे सारे जाणकाराचे एका गुरुवारचे काम आहे. त्यासाठी नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. चोवीस ओळींची एक यादी छापून रॅकच्या दाराला आतून चिकटवावी आणि बदल झाला की तीही बदलावी. मग दुसऱ्या पाळीत कोणी लोंबकळणारी केबल कोठेही बसविली, तरी फार तर एक दार बंद होईल. यादीत पाहून ते कोणते हे सांगता येईल, आणि फाटकाशी उभा असलेला ट्रक वेळेवर निघेल.